हिरडीच्या खिशातले औषध

"तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." डॉक्टर एकेक आकडा उच्चारत होत्या आणि त्यांची मदतनीस मुलगी ते तक्त्यात भरत होती. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजमाप घेतात. अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात धरले, तर एकशे अडुसष्ट आकडे होतात. आ वासून खुर्चीत पडलेल्या माणसाला ते ऐकत राहण्यावाचून गत्यंतर नसते. तीन-चारची ती लय खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या दाढेपाशी अडली. "सात," डॉक्टर म्हणाल्या, आणि हात थांबवून विचारले, "काकू, ब्रश करताना रक्त येतं का?"

येत होते. किती वर्षांपासून, ते मला सांगता आले नाही. थुंकीत थोडे लाल दिसणे मी इतके गृहीत धरले होते, की ते दुखणे आहे असे कधी वाटलेच नव्हते. आमच्या घरात तर 'हिरड्यांतून रक्त' हा वयाचा भाग मानला जाई. माझी आजी मिसरी लावायची. तिचे दात एकेक करून हलले आणि पडले, आणि दुखण्याची तक्रार तिने कधी केल्याचे कुणाला आठवत नाही. पायरिया असाच असतो. कीड लागलेला दात रात्रभर झोपू देत नाही. हिरडीचा रोग मात्र दहा-वीस वर्षे दुखल्याशिवाय हाड खात राहतो.

डॉक्टरांनी योजना सांगितली. आधी दोन बैठकांत 'डीप क्लीनिंग', म्हणजे दातांच्या मुळांपर्यंतची खोल सफाई. मग काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी. त्यानंतरही जे खिसे खोल राहतील, त्यांत औषधाची 'चिप' ठेवता येईल. मात्र प्रत्येक चिपचे पैसे वेगळे. "आणि नाही ठेवली तर?" मी विचारले. "नाही ठेवली तरी चालेल. ठेवली तर थोडा फायदा होऊ शकतो."

हा 'थोडा' म्हणजे किती, हे शोधायला मी निघाले. त्या शोधाचा हा लेख.

आधी तो 'खिसा' समजून घ्यायला हवा. निरोगी हिरडी दाताला कॉलरसारखी वेढून असते आणि तिच्या नि दाताच्या मध्ये एक ते तीन मिलिमीटरची उथळ फट असते. दातावर जिवाणूंचा चिकट थर साचू दिला, की काही दिवसांतच हिरडी सुजते. हे मानवी प्रयोगाने सिद्ध झाले ते 1965 मध्ये. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासणे सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. इथवरचा रोग परतीच्या वाटेवरचा असतो. काही लोकांत मात्र सूज आत उतरते. हिरडीची दातावरची पकड सुटत जाते आणि त्याखालचे हाड झिजू लागते. फट चार, पाच, सात मिलिमीटर खोल होते, आणि दंतवैद्य तिला खिसा म्हणू लागतात.

'काही लोकांत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 मजुरांचा पंधरा वर्षे अभ्यास केला. त्यांना दंतवैद्य ठाऊक नव्हता आणि ब्रशही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर कीट होते, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले ते असे : सुमारे 8 टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांत मध्यम गतीने, आणि 11 टक्के लोकांची हिरडी सुजेच्या पुढे गेलीच नाही. घाण सारखीच होती, शरीरे वेगळी होती. आमच्या शेजारचे नाना बोटाने राखुंडी लावून ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायचे आणि त्या जोरावर सगळ्या टूथपेस्टी हे थोतांड असल्याचे सांगायचे. ते त्या अकरा टक्क्यांतले असावेत. उरलेल्या एकोणनव्वदांनी त्यांचे अनुकरण करू नये, एवढेच.

धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह या दोन गोष्टी माणसाला वाईट गटाकडे ढकलतात. तंबाखूचा आणखी एक छुपा गुण आहे. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येते आणि आतला रोग झाकला जातो. माझ्या आजीच्या बाबतीत हेच झाले असावे, असा माझा तर्क आहे.

खिशात जे राहते त्याचे स्वरूप पाहिल्याशिवाय औषधाचा प्रश्न कळत नाही. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने 1683 साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात आपल्याच दातांमधल्या पांढऱ्या पदार्थातल्या 'सूक्ष्म प्राण्यां'चे वर्णन केले, हे बऱ्याच जणांनी वाचलेले असते. त्याच पत्रात त्याने नोंदलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. थरातून सुटे काढलेले जीव व्हिनेगरने मरत होते, पण दातावरच्या थरात व्हिनेगर खोल शिरत नव्हते. बाहेरचे तेवढे मेले, आतले शाबूत राहिले. जिवाणूंच्या संघटित थराला विज्ञानाने 'बायोफिल्म' हे नाव देण्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी एका कापडविक्याने त्याचा मुख्य गुणधर्म पाहून ठेवला होता. हे जिवाणू एकमेकांना धरून, स्वतः बनवलेल्या चिकट गराने वेढून राहतात. मोकळ्या जिवाणूला मारणारी औषधाची मात्रा या वस्तीला पुरत नाही. कित्येक पटींनी जास्त लागते. खिशाच्या तळाशी प्राणवायूची गरज नसलेल्या काही जाती जमतात. पोर्फायरोमोनस जिंजिव्हॅलिस आणि तिच्या दोन सोबतिणींना संशोधकांनी 1998 मध्ये 'लाल समूह' असे नाव दिले. त्या जिथे असतात तिथे खिसा खोल असतो आणि रक्त येते.

म्हणून पहिले काम खरवडण्याचे. पोहोचू न देणारी वस्ती आधी मोडायची. वरच्या सफाईत हिरडीच्या बाहेरचे टार्टर निघते. खोल सफाईत हिरडी बधिर करून बाकदार, बारीक पात्याची हत्यारे किंवा कंपन पावणारी अल्ट्रासॉनिक टोके खिशात उतरवतात आणि मुळावरचे दगडासारखे झालेले किटण काढतात. मुळाला दगड चिकटलेला असताना हिरडी पुन्हा दाताला धरत नाही. हे सारे काम बहुतांशी स्पर्शाने चालते, कारण आत दिसत नाही. डॉक्टर डोळे मिटल्यासारखे करून हत्याराच्या टोकाला लागणारी खरखर ऐकत होत्या, असे मला वाटले. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागतो तसे ते असावे.

"सफाई केली की दात हलायला लागतात" ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की तिच्यापायी माणसे दात पडेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाहीत. समजूत निराधार नाही. तिचा अर्थ उलटा लावला जातो. जुन्या रोगात हाड आधीच खाली गेलेले असते. किटणाचा बांध शेजारशेजारच्या दातांना तात्पुरता टेकू देतो आणि सुजेने फुगलेली हिरडी फटी झाकते. सफाईने बांध निघतो, सूज उतरते, हिरडी आक्रसते. दात लांब दिसतात, फटीत जीभ जाते, थंड पाणी झिणझिणते आणि काही दिवस दात सैल वाटतात. रोगाने केलेले नुकसान सफाईने उघड्यावर आणलेले असते. मलाही पहिल्या आठवड्यात आरशात पाहून धस्स झाले होते. सगळे माहीत असूनही.

या सफाईचा गुण किती? बऱ्याच अभ्यासांच्या सरासरीने सांगायचे, तर सात मिलिमीटरहून खोल खिशाची खोली सुमारे दोन मिलिमीटरने कमी होते. त्यातले निम्मे सूज ओसरल्याने, आणि उरलेले हिरडी पुन्हा दाताला चिकटल्याने. पण हत्याराला मर्यादा आहे. नॉर्वेजियन संशोधक वेर्हॉग यांनी 1978 मध्ये सफाईनंतर काढलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तीन मिलिमीटरपर्यंतच्या खिशात सफाई बहुधा पूर्ण झालेली होती; पाचच्या पुढे काही ना काही मागे राहण्याची शक्यताच जास्त. दाढेची मुळे जिथे दुभंगतात त्या बेचक्यात तर पाते धड वळतच नाही. माझा सात मिलिमीटरचा खिसा नेमका तिथला.

मागे राहते त्यासाठी औषध, हा विचार मग साहजिकच सुचतो. पण ते पोहोचवायचे कसे? गुळण्यांचे औषध खिशात जेमतेम शिरते. पिचकारीने आत घातले तरी टिकत नाही, कारण सुजलेल्या हिरडीतून खिशात सतत द्रव पाझरत असतो. पाच मिलिमीटरच्या खिशात जेमतेम अर्धा मायक्रोलिटर द्रव मावतो आणि ताशी सुमारे वीस मायक्रोलिटर नवा येतो. म्हणजे तासाला चाळीस वेळा तो खिसा धुऊन निघतो. हे गणित मांडणारे बोस्टनच्या फोर्सिथ डेंटल सेंटरमधले मॅक्स गुडसन. त्यांनी वाचल्यावर सरळ वाटणारा निष्कर्ष काढला : औषध खिशात ठेवून भागणार नाही, औषधाची टाकी खिशात ठेवायला हवी.

दुसरा मार्ग गोळ्यांचा. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या रोज एक ग्रॅम घेतल्या, तर हिरडीच्या द्रवात ते मिलिलिटरमागे चार ते आठ मायक्रोग्रॅम पोहोचते. तेवढ्यासाठी आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंनाही औषध पाजायचे आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जाती वाढवायला हातभार लावायचा. 1979 मध्ये गुडसन, हाफाजी आणि सोक्रान्स्की यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पोकळ तंतूंत टेट्रासायक्लिन भरून ते तंतू खिशात ठेवल्याचा निबंध प्रसिद्ध केला. सुधारलेल्या प्लॅस्टिकच्या तंतूला 1994 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तेवीस सेंटिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड असा तो दोरा दाताभोवती वेटोळे करून खिशात दाबायचा, वरून डिंकासारख्या रसायनाने चिकटवायचा आणि दहा दिवसांनी ओढून काढायचा. सगळा मिळून औषध जेमतेम तेरा मिलिग्रॅम, पण खिशातली मात्रा मिलिलिटरला हजार मायक्रोग्रॅमच्या वर. गोळीच्या शेकडो पट. तरी तो दोरा बाजारात टिकला नाही. रुग्णाला दहा दिवस तोंडात सुतळी दाबून बसल्यासारखे वाटे आणि डॉक्टरांचा वेळ जाई.

मग आपोआप विरघळणाऱ्या टाक्या आल्या. जेरुसलेममध्ये विकसित झालेली चिप ही सगळ्यांत साधी. चार गुणिले पाच मिलिमीटरची, नखाच्या कात्रणाएवढी जिलेटिनची चकती, तिच्यात अडीच मिलिग्रॅम क्लोरहेक्सिडिन. हे प्रतिजैविक नाही, जंतुनाशक आहे. गुळण्यांच्या बाटलीत असते तेच. चाळीसेक टक्के औषध पहिल्या दिवशी सुटते, उरलेले सात ते दहा दिवसांत, आणि चकती विरून जाते. तिलाही 1998 मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डॉक्सिसायक्लिनच्या द्रवालाही. हा द्रव दोन पिचकाऱ्या जोडून शंभर वेळा इकडून तिकडे ढकलत मिसळायचा, खिशात सोडायचा, तिथल्या ओलाव्याने तो घट्ट होतो. 2001 मध्ये मिनोसायक्लिनचे सूक्ष्म मणी आले. त्यांचे आवरण विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याच्या जातीचे. आपल्याकडे चेन्नईत बनणारे कोलेजनचे टेट्रासायक्लिनयुक्त तंतूही दंतवैद्य वापरतात. माझ्या डॉक्टरांकडे होती ती क्लोरहेक्सिडिनची चिप.

आता तो 'थोडा' फायदा. चिपची मोठी अमेरिकी चाचणी 447 रुग्णांवर झाली. नऊ महिन्यांनी नुसत्या सफाईने खिसे सरासरी 0.65 मिलिमीटरने कमी झाले होते. सफाई अधिक चिप या गटात 0.95 मिलिमीटरने. मिनोसायक्लिनच्या मण्यांची चाचणी 748 रुग्णांवर झाली. तिथे आकडे होते 1.08 आणि 1.32. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2015 मध्ये अशा बहात्तर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. हिरडीची दाताला पुन्हा पकड किती बसली, या मापाने सफाईच्या वर चिपने सरासरी 0.40 मिलिमीटर भर घातली, डॉक्सिसायक्लिनने 0.64, मिनोसायक्लिनने 0.24.

मी हे आकडे वहीत लिहिले आणि शेजारी पट्टी ठेवून पाहिली. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरची खूणच नव्हती. दंतवैद्याच्या मोजकाडीवरही नसते. ती पूर्ण मिलिमीटर दाखवते, आणि हात थोडा जोरात दाबला तर एक मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. मग 0.3 सापडला कसा? शेकडो माणसांच्या सरासरीतून. सरासरीत हाताची चूक दोन्ही बाजूंनी रद्द होत जाते आणि बारीक फरकही उठून दिसतो. संख्याशास्त्रज्ञ त्याला खरा फरक म्हणतात आणि तो खराच असतो. तो रुग्णाला जाणवेल इतका आहे का, हा प्रश्न वेगळा.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते. 0.3 म्हणजे प्रत्येकाला 0.3 मिळाले असे नाही. चिपच्या त्याच चाचणीत खिसा दोन मिलिमीटर किंवा अधिक कमी झालेले रुग्ण चिपच्या गटात 19 टक्के होते, नुसत्या सफाईच्या गटात 8 टक्के. म्हणजे शंभरातल्या अकरा जणांना ठळक लाभ, आणि बाकीच्यांपैकी पुष्कळांना चिप घातली काय नि न घातली काय. खिशाला हात घालण्यापूर्वी रुग्णाला सांगायला हवा तो आकडा हा, असे माझे मत आहे. मिलिमीटरचा अपूर्णांक ऐकून कुणाला काहीच कळत नाही. आणि हेही लक्षात ठेवावे, की या दोन्ही मोठ्या चाचण्यांमागे औषध बनवणाऱ्यांचा पैसा होता. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना चष्मा पुसून घ्यावा.

एका निष्कर्षाने माझा सरळ समज मोडला. डॉक्सिसायक्लिनच्या द्रवाच्या 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खरवडण्याशिवाय, नुसता द्रव घालून सफाईइतकाच गुण आला होता. मग खरवडायचे कशाला? कारण अभ्यास नऊ महिन्यांचा आणि दात जन्माचा. औषध संपते, किटण तिथेच राहते, आणि त्याच्या खडबडीत पाठीवर नवी वस्ती बसायला जागा तयार असते. युरोपीय तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शनातही सफाई हाच पाया आहे. स्थानिक औषध तिच्या जोडीला 'विचारात घेता येईल', एवढ्या सावध शब्दांत आले आहे. गोळ्यांचे प्रतिजैविक मात्र सरसकट देऊ नये, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे.

हे वाचत असताना सुश्रुतसंहितेतले चिकित्सास्थान हाती आले. दंतशर्करेवर, म्हणजे दातावरच्या किटणावर सुश्रुताने सांगितलेली क्रिया दोन टप्प्यांची आहे : दातांच्या मुळांना इजा न करता शर्करा काढावी, आणि मग लाखेचे चूर्ण मधात कालवून तिथे चोळावे. आधी हत्यार, मग औषध. 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' असे म्हणण्याचा माझा स्वभाव नाही. जिवाणूंची त्यांना कल्पना नव्हती, आणि लाख-मध खिशाच्या तळाशी टिकला नसता. पण इजा न करता काढावे, ही अट घालणाऱ्या माणसाने हे काम स्वतःच्या हातांनी केलेले होते, हे नक्की. आजही आपल्या दंत महाविद्यालयांत हळदीचे, कडुलिंबाचे, कोरफडीचे जेल खिशात घालून पाहणारे प्रबंध दरवर्षी होतात. अभ्यास लहान, मुदत थोडी. त्यांवरून घरी हळद दाबण्याचा निर्णय कुणी घेऊ नये.

मधुमेह्यांसाठी एक वेगळा आकडा आहे आणि तो मला या सगळ्यांत वजनदार वाटला. हिरडीचा उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरते, असे 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. हा परिणाम मुख्यतः सफाईचा. माझी साखर सीमेवर आहे. चिपपेक्षा सफाईच्या बैठका न चुकवण्याचे ते मला अधिक मोठे कारण वाटले.

सफाईनंतर आठ आठवड्यांनी पुन्हा आकडे वाचले गेले. बहुतेक चार-पाच तीनवर आले होते. तीन जागी अजून पाच किंवा जास्त होते आणि तिथे रक्तही येत होते. त्या तीन जागांतच चिप ठेवायची, सगळीकडे नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले. चिमट्याने चकती आत सरकवायला मिनिटही लागले नाही. दहा दिवस त्या फटीत दोरा फिरवायचा नाही, बाकी ब्रश रोजचाच. तीन महिन्यांनी मोजले तेव्हा दोन खिसे चारवर होते. ते चिपमुळे की सफाईचाच गुण उशिरा आल्यामुळे, हे मला कळायला मार्ग नाही. माझ्या तोंडात तुलनेसाठी दुसरी मी नव्हते. तिसरा, बेचक्यातला, सहावरून हलला नाही.

"काकू, इथे आता हिरडी उघडून पाहावं लागेल. चिपवर चिप घालण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाल्या. तोवर मीही तेवढे वाचले होते. छोटी शस्त्रक्रिया आहे, टाके दहा दिवसांचे. भाऊबीजेनंतरच्या सोमवारची वेळ घेतली आहे. तोपर्यंत चकल्या डाव्या बाजूने.